दिवसा पेटणारा दिवा कोणासाठी?

परभणीच्या गॅरेजांतून गेली काही वर्षे एक मागणी हमखास ऐकू येते. नवी मोटारसायकल किंवा स्कूटी शोरूममधून घरी येते, शेजारीपाजारी पेढे वाटून होतात, आणि पंधरा दिवसांत गाडीचा मालक मेस्त्रीकडे जाऊन म्हणतो, "दादा, हा समोरचा दिवा दिवसाही बंद होत नाही. एक बटण बसवून द्या." मेस्त्रीही फारसे आढेवेढे घेत नाही. हेडलाइटकडे जाणारी वायर मध्येच तोडायची, तिथे बटण जोडायचे, वरून काळी टेप गुंडाळायची, की झाले काम. मालक समाधानाने घरी जातो. कंपनीने गाडीत एक खोड ठेवली होती, ती आपण काढून टाकली, असे त्याला वाटते.

वाचक बंधू-भगिनींनो, ती खोड नव्हती. तो दिवा मुद्दाम तसा केलेला आहे. तो का केला, तो बंद केल्याने आपण काय गमावतो आणि त्याचा खरोखर त्रास होत असेल तर काय करावे, याचा विचार आज या सदरात करावा असे आम्हाला वाटले. कारण बचत गटाचे किंवा पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली ही गाडी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतल्या गावांतून शाळेवर, दवाखान्यावर, अंगणवाडीवर, बाजाराला नि मजुरीला जाणाऱ्या हजारो घरांचे पोट त्या दोन चाकांवर चालते.

नियम आला कसा?

रस्त्यांवरील अपघात कमी व्हावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. या समितीने ज्या सूचना केल्या, त्यांत दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागावा, ही एक सूचना होती. केंद्र सरकारने ती मान्य केली आणि १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला हा नियम लागू झाला. वाचकांना तो दिवस वेगळ्या कारणाने आठवत असेल. त्याच दिवसापासून बीएस-३ गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाने बंद केली होती आणि मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत स्वस्त गाड्यांसाठी ठिकठिकाणच्या शोरूमपुढे झुंबड उडाली होती. त्या गडबडीत दिव्याचा नियम कोणी नीट समजावून सांगितलाच नाही. लोकांना एवढेच दिसले, की हँडलवरचे दिवा बंद करायचे बटण नाहीसे झाले आहे. अप्पर-डिप्पर आहे, हॉर्न आहे, इंडिकेटर आहे. दिवा मात्र बंद करता येत नाही.

जी गोष्ट समजावून न सांगता लादली जाते, ती लोक संधी मिळताच काढून टाकतात. दिव्याचेही तसेच झाले. म्हणून लोकांच्या ज्या तक्रारी आम्ही ऐकतो, त्या हसण्यावारी न नेता एकेक करून तपासू.

"लोक सारखे हात करतात"

पहिली तक्रार संकोचाची आहे. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची मूठ उघडझाप करून सांगतो, की तुमचा दिवा चालू राहिला आहे. नियमाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत हा प्रकार फार झाला. काही जणांना वाटे, लोक आपल्याला वेंधळे समजतात. हात करणाऱ्याचा हेतू चांगलाच असे. कोणाची बॅटरी उतरू नये म्हणून अनोळखी माणसाला सावध करण्याची ती आपल्याकडची जुनी रीत होती. पण त्या हात करण्यातून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, ती कोणाच्या लक्षात आली नाही. भर उन्हात, शंभर पावलांवरून, समोरच्याने तुमचा दिवा पाहिला. म्हणजेच त्याने तुम्हाला पाहिले. दिव्याचे काम तेवढेच होते आणि ते झाले. आता ही सवय अंगवळणी पडली आहे आणि हात करणारेही कमी झाले आहेत. त्यासाठी वायर तोडण्याचे कारण उरलेले नाही.

"बॅटरी उतरते, पेट्रोल जळते"

दुसरी तक्रार खर्चाची. गरिबाच्या घरात खर्चाचा प्रश्न क्षुल्लक नसतो, म्हणून हिशेबच करू.

बॅटरीचे म्हणाल, तर बहुतेक गाड्यांत नुसती चावी फिरवल्याने हा दिवा लागत नाही. इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. इंजिन सुरू असले की मॅग्नेट वीज तयार करत असतो. अनेक साध्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या विजेवर चालायचा, म्हणून तर गाडी एका जागी उभी असताना तो मंद व्हायचा आणि रेस दिली की उजळायचा. ज्या गाड्यांत तो बॅटरीवर चालतो, त्यांतही बॅटरी त्याच वेळी चार्ज होत असते. सुस्थितीतली बॅटरी या दिव्याने उतरत नाही. उतरत असेल तर बॅटरी जुनी झाली आहे, चार्जिंग नीट होत नाही किंवा कुठेतरी वायरिंग खराब आहे. दिवा काढल्याने तो बिघाड बरा होत नाही, फक्त झाकला जातो.

आता पेट्रोल. परभणीचे पेट्रोल राज्यात महाग म्हणून २०१८ मध्ये वर्तमानपत्रांत झळकले होते, आणि आजही लिटरला शंभराच्या पुढेच मोजावे लागतात. तेव्हा ही काळजी रास्त आहे. साध्या मोटारसायकलचा हॅलोजन बल्ब ३५ वॅटचा असतो. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. तिच्यातला मोठा भाग उष्णता होऊन सायलेन्सरवाटे जातो. फार तर पाचवा-चौथा हिस्सा इंजिनाच्या कामी येतो. त्यातून वीज तयार होताना आणखी निम्मी घट धरा. तरी लिटरमागे सुमारे १ युनिट वीज हाती लागते. तेवढ्यावर ३५ वॅटचा दिवा पंचवीसएक तास जळतो. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याला महिन्याकाठी जास्तीत जास्त लिटरभराचा खर्च. एलईडी दिव्याला तर त्याहून पुष्कळ कमी. आणि गंमत अशी, की अनेक गाड्यांत मॅग्नेटने तयार केलेली जास्तीची वीज वापरली नाही तर रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन वाया जाते. अशा गाडीचा दिवा बंद केला तरी ते लिटरभर पेट्रोलही पुरते वाचत नाही.

बल्ब मात्र दिवसा जळल्याने लवकर जातो, हे खरे आहे. हॅलोजन बल्बचे आयुष्य काही शे तासांचे असते. तो वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागेल. हा खर्च आम्ही नाकारत नाही. पण तो कशाच्या बदल्यात होतो, ते पुढे पाहू.

"आपल्याकडे ऊन केवढे! दिवा हवा कशाला?"

तिसरी तक्रार वरवर पाहता सर्वांत बिनतोड वाटते. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, डोळे उघडवत नाहीत असे ऊन पडते, तिथे दिवा लावून कोणाला काय दिसणार? ही थंड, अंधाऱ्या देशांची नक्कल आहे, असे सुशिक्षित माणसेही म्हणतात.

सुरुवात त्या देशांतून झाली, हे खरेच आहे. स्वीडनने १९७७ मध्ये सर्व वाहनांना दिवसा दिवे सक्तीचे केले. पण १९९२ मध्ये मलेशियाने मोटारसायकलींसाठी हाच नियम केला. मलेशिया विषुववृत्ताजवळचा देश आहे. तिथे बारा महिने ऊन आणि पाऊस, आणि रस्त्यावर आपल्यासारखीच दुचाक्यांची गर्दी. तिथल्या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की समोरच्याला मोटारसायकल वेळेत न दिसल्यामुळे होणारे अपघात या नियमानंतर सुमारे २९ टक्क्यांनी घटले. सिंगापूरनेही १९९५ मध्ये तोच मार्ग धरला. म्हणजे ही गोष्ट बर्फाच्या देशापुरती नाही.

याचे कारण आपल्याच रस्त्यावर उभे राहून समजते. कल्याण-निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ पाथरी, मानवत, परभणी असा जिल्ह्यातून जातो. संध्याकाळी पाचच्या पुढे परभणीहून मानवतकडे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत मावळतीचा सूर्य थेट येतो. समोरून येणारी मोटारसायकल त्याला त्या झळाळीत एका काळ्या रेघेसारखी दिसते, कधी दिसतही नाही. ट्रक रुंद असतो, त्याचा आकार डोळ्यांत भरतो. मोटारसायकल समोरून पाहिली तर एका माणसाच्या रुंदीची. जिथे रस्त्याकडेला लिंब, बाभळी, वड आहेत, तिथे सावली आणि कवडसे यांच्या जाळीत ती आणखी हरवते. करड्या शर्टाचा माणूस करड्या रस्त्यावर सहज मिसळून जातो. उन्हाळ्यात मृगजळ, ऊस-कापसाच्या हंगामात धूळ, पावसाळ्यात सर, हिवाळ्यात गोदाकाठचे धुके. लख्ख उजेड असूनही न दिसण्याची किती कारणे आहेत पाहा.

आणि सेकंदांचा हिशेब तर फारच कठोर आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकायला एसटी बाहेर निघते, असे समजा. एसटीचा वेग ताशी ६० किलोमीटर, समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा ५०. दोघांमधले अंतर दर सेकंदाला ३० मीटरने, म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीने कमी होते. ट्रॅक्टर ओलांडायला दहा सेकंद लागले तर तेवढ्यात ३०० मीटर संपतात. अशा वेळी एसटीच्या चालकाला मोटारसायकल दोन सेकंद आधी दिसली, तर त्याला ६० मीटर मोकळा रस्ता मिळतो. तेवढ्यात तो गाडी परत आपल्या बाजूला घेऊ शकतो. ते दोन सेकंद देण्याचे काम तो ३५ वॅटचा दिवा करतो.

इथेच या साऱ्या गैरसमजाचे मूळ सापडते. दिवा म्हणजे आपल्याला रस्ता दिसावा म्हणून लावायची वस्तू, असे आपण लहानपणापासून धरून चाललो आहोत. रात्रीचा दिवा आपल्यासाठी असतो. दिवसाचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांसाठी असतो. चालवणाऱ्याला त्याचा कधीच अनुभव येत नाही, कारण ज्या दिवशी त्याने काम केले, त्या दिवशी काहीच घडत नाही. एसटी बाहेर निघत नाही, जीप वळणावर थांबते, आणि माणूस सुखरूप घरी येऊन म्हणतो, "या दिव्याचा काय उपयोग?"

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत दर शंभरांमागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. सगळीच काही दिव्याअभावी मेली नाहीत; दारू, वेग, खड्डे, हेल्मेट नसणे अशी कितीतरी कारणे असतात. दिवा म्हणजे चिलखत नव्हे, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. पण यांतली बरीच माणसे घरची कमावती असतात, आणि कमावता गेला की मुलांच्या शाळेपासून म्हाताऱ्यांच्या औषधापर्यंत सारे थांबते. अशा वेळी जी गोष्ट गाडीबरोबर फुकट मिळाली आहे, ती पैसे देऊन काढून टाकणे कितपत शहाणपणाचे?

बटणाचा खरा धोका दिवेलागणीला

बटण बसवणारे म्हणतात, "दिवसा बंद ठेवू, अंधार पडला की लावू." ऐकायला बरोबर वाटते. पण अंधार एकदम पडत नाही. तो हळूहळू येतो आणि डोळे त्याच्याशी जुळवून घेत राहतात. गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसत असतो, म्हणून बटण दाबायचे सुचत नाही. समोरच्या जीपवाल्याला मात्र तो दिसत नसतो. सूर्य बुडाल्यापासून अर्धा-पाऊण तास हा सर्वांत फसवा काळ. शेतमजूर, शाळा सुटलेले, बाजार उरकलेले, गुरे घेऊन परतणारे, बैलगाड्या, विनादिव्याच्या ट्रॉल्या, सारे त्याच वेळी रस्त्यावर असतात. आपोआप लागणाऱ्या दिव्यात विसरण्याची सोयच नाही. दिवसाच्या उजेडात बटणाने जी काटकसर केली, तिची किंमत दिवेलागणीला मोजावी लागते. बहुतेक गाड्यांत या दिव्याबरोबर मागचा लाल दिवाही लागतो. वायर कशी तोडली त्यावर अवलंबून तोही बंद पडला, तर मागून येणारा ट्रकही आंधळा होतो.

शिवाय तोडलेली वायर ही तोडलेली वायरच. टेपचा सांधा पावसात ओला होतो, धक्क्यांनी सैल होतो, कधी दिवा रात्रीच ऐन वळणावर विझतो, कधी शॉर्टसर्किट होऊन फ्यूज जातो. एलईडी दिव्याचा संच निकामी झाला तर तो बल्बसारखा स्वस्तात बदलत नाही, आणि वायर कापलेली दिसली की कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सक्तीची यंत्रणा निकामी करणे या तरतुदीच्या कक्षेत येऊ शकते. रस्त्यावर रोज कोणी हे तपासत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण अपघातानंतर जेव्हा पंचनामा होतो, तेव्हा गाडीची प्रत्येक गोष्ट पाहिली जाते, आणि चूक समोरच्याची असूनही आपली बाजू लंगडी पडू शकते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सावध व्हावे

आपल्यातले अनेक जण पहिली गाडी जुन्या बाजारातूनच घेतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींसाठी तर बहुधा तशीच घेतली जाते. पहिल्या मालकाने बटण बसवले असेल तर दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून गाडी घेताना आरसी बुकावर ती केव्हा तयार झाली ते पाहावे. १ एप्रिल २०१७ नंतरची असेल तर दिवसाउजेडी इंजिन सुरू करून बघावे; पुढचा दिवा आपोआप लागलाच पाहिजे. मागचा लाल दिवाही पाहावा. हँडलवर किंवा हेडलाइटच्या खाली वेगळेच बटण दिसले, तर ते काढून वायर पूर्ववत जोडून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. त्याआधीच्या गाड्यांना असा दिवा नसतो. त्या चालवणाऱ्यांना सक्ती नाही, पण गावाबाहेर पडताना स्वतःहून डिप्परवर दिवा लावायला कोणाची मनाई नाही.

चारचाकीवाल्यांसाठी

काही नव्या मोटारगाड्यांनाही पुढे बारीक पांढरे दिवे असतात, तेही दिवसा जळतात. युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आपल्याकडे मोटारींना तशी सक्ती नाही. ते बंद करावेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांचा एक फसवेपणा लक्षात ठेवावा. अनेक मोटारींत हे दिवे फक्त पुढेच लागतात. मागचे लाल दिवे लागत नाहीत. आपल्यापुढे उजेड दिसतो, डॅशबोर्डही उजळलेला असतो, आणि माणूस समजतो की दिवे चालू आहेत. मागून पाहणाऱ्याला मात्र ती गाडी काळोखात बुडालेली असते. म्हणून संध्याकाळी, पावसात, धुक्यात मुख्य दिव्यांचे बटण हाताने लावलेच पाहिजे.

त्रास होत असेल तर

दिव्याचा समोरच्याला खरोखर त्रास होतो, अशीही एक तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. मात्र त्यात दोष दिव्याचा कमी, तो लावण्याच्या पद्धतीचा अधिक असतो. दिवसा दिवा डिप्परवर असावा. अप्परवर ठेवणे हे समोरच्याच्या डोळ्यांत बोट घालण्यासारखे आहे. मागे दोन माणसे आणि धान्याचे पोते असले की गाडीचे तोंड वर होते आणि डिप्परही डोळ्यांत जातो. मेस्त्रीला सांगून दिव्याचा कोन खाली करून घ्यावा, हे काम काही मिनिटांचे असते. बाजारातले डोळे दिपवणारे पांढरे बल्ब लावू नयेत. काच धुळीने, चिखलाने माखते, ती आठवड्याला पुसावी. आणि रात्री कोणाच्या अंगणात, दुःखाच्या घरी किंवा फाटकापाशी उजेड नकोसा वाटला, तर इंजिन बंद केले की बहुतेक गाड्यांत दिवाही बंद होतो. त्यासाठी वेगळे बटण लागत नाही.

मेस्त्री बंधूंनाही आमची विनंती आहे. गिऱ्हाईक आग्रह धरते आणि धंदा सोडवत नाही, हे आम्ही समजतो. पण तुमच्या शब्दाला गिऱ्हाइकाच्या मनात किंमत आहे. "हे काम मी करत नाही, आणि का करत नाही ते ऐका," असे तुम्ही पाच मिनिटे सांगितले, तर ते कोणत्याही सरकारी फलकापेक्षा अधिक पटेल.

घरातल्या माणसांनी येत्या सुटीच्या दिवशी एवढे करावे. गाडी अंगणात उभी करून इंजिन सुरू करावे. एकाने पुढे आणि एकाने मागे उभे राहून दोन्ही दिवे पाहावेत. बटण बसवलेले असेल तर सोमवारी मेस्त्रीकडे जाऊन वायर पहिल्यासारखी जोडून घ्यावी. मुलगा किंवा मुलगी कुरकुर करील. तिला किंवा त्याला वरचा सेकंदांचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. शिकलेल्या मुलांना हिशेब पटतो, असा आमचा अनुभव आहे.